यकृताचें रोपण : एका धाडसाचा इतिहास

शरीरावर शस्त्र चालविण्याची विद्या फार पुरातन आहे. परंतु पोट हा भाग शल्यवैद्यांनीं शेंकडों वर्षें जवळजवळ वर्ज्यच मानला होता. चिघळलेला पाय कापावा, मोतीबिंदु सारावा, मूतखडा काढावा, येथपर्यंत त्यांची मजल गेली होती. पण पोट उघडलें कीं मनुष्य गेलाच, अशी सर्वत्र समजूत होती, आणि अनुभव तिला दुजोराच देत होता. आपल्याकडील सुश्रुतसंहितेंत मात्र या नियमास एक ठळक अपवाद आढळतो. बद्धगुद आणि परिस्रावी या दोन उदररोगांत नाभीच्या खालीं, डाव्या बाजूस, पोट चिरावें, आंतडीं बाहेर घेऊन तपासावीं, त्यांत अडकलेला खडा, केस किंवा मळ काढून टाकावा आणि मधतूप लावून तीं पुन्हां जागच्या जागीं बसवावीं, असा त्या ग्रंथाचा उपदेश आहे. आंतड्यास भोंक पडलें असेल तर त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या चाववाव्या, आणि त्यांनीं पक्की पकड घेतली म्हणजे त्यांचीं धडें तोडून डोकीं तेथेंच राहूं द्यावीं! टांका घालण्याची ही युक्ति वाचतांना हसूं येईल; परंतु आंतल्या आंत विरून जाणारा टांका हवा, ही गरज त्या ग्रंथकारास पुरती कळली होती, हें विसरतां येत नाहीं.

अर्वाचीन काळांतील आरंभ मात्र एका आडगांवीं झाला. १८०९ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत डॅनव्हिल येथें एफ्रेम मॅकडॉवेल या वैद्यांनीं जेन टॉड क्रॉफर्ड नांवाच्या स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. तिचें पोट इतकें वाढलें होतें कीं, दिवस उलटून गेलेली ही गर्भिणी आहे, असें आधींच्या वैद्यांस वाटलें होतें. मॅकडॉवेल यांनीं तपासून ही बीजकोशाची गांठ आहे असें निदान केलें, आणि अशी गांठ काढून रोगी वांचल्याचें एकही उदाहरण आपणांस ठाऊक नाहीं, हेंही तिला स्पष्ट सांगितलें. बाईंनीं संमति दिली. सुमारें साठ मैलांचा रस्ता त्यांनीं थंडीच्या दिवसांत घोड्यावर बसून तोडला. गुंगीचें औषध त्या काळीं नव्हतेंच. शस्त्र चालूं असतां त्या बायबलांतील स्तोत्रें म्हणत होत्या. पंचवीस मिनिटांत साडेबावीस पौंडांची गांठ बाहेर निघाली. पांचव्या दिवशीं वैद्य पाहावयास गेले, तों बाई स्वतःच्या हातानें अंथरूण आवरीत होत्या! पंचवीस दिवसांनीं त्या घोड्यावरूनच घरीं परतल्या आणि पुढें बत्तीस वर्षें जगल्या. या घटनेंत वैद्याचें कौशल्य जितकें, तितकेंच रोग्याचें धैर्य मोठें आहे. किंबहुना पोटाच्या शल्यक्रियेच्या पुढील सर्व इतिहासांत पहिलें पाऊल नेहमीं रोग्यानेंच उचललेलें दिसतें.

त्यानंतरच्या दोन शोधांची कथा सर्वश्रुत असल्यामुळें ती थोडक्यांत पुरे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें ईथरची गुंगी देऊन केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणें दाखविण्यांत आली, आणि १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं कार्बोलिक ॲसिड वापरल्यास जखमा चिघळत नाहींत हें सप्रमाण मांडलें. वेदना आणि पू हे दोन पहारेकरी दूर होतांच पोटाचीं दारें भराभर उघडलीं. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ यांनीं जठराचा कर्करोगानें ग्रासलेला भाग कापून उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. तत्पूर्वी पॅरिसमध्यें व पोलंडमध्यें हाच प्रयत्न झाला होता आणि दोन्ही रोगी दगावले होते. बिलरोथ यांची रोगी स्त्री शस्त्रक्रियेंतून उठली, परंतु रोग उलटून चार महिन्यांच्या आंत निवर्तली. पुढच्याच वर्षीं बर्लिनमध्यें कार्ल लांगेनबुख यांनीं खड्यांनीं भरलेलें पित्ताशय समूळ काढून टाकलें. १९०२ च्या जून महिन्यांत तर सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणाचा समारंभ दोन दिवसांवर आला असतां आंत्रपुच्छाच्या विकारानें त्यांच्या पोटांत गळूं झालें, आणि २४ तारखेस फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं शस्त्रक्रिया करून तें फोडलें. समारंभ पुढें ढकलून ९ ऑगस्टला करावा लागला. कोल्हापूरचे शाहू छत्रपति या समारंभासाठीं त्या वेळीं विलायतेस गेले होते. राजाच्याच पोटास शस्त्र लागलें आणि तो बरा झाला, तेव्हां सामान्य जनांचीही भीड चेपली.

या सर्व यशांत १८६९ सालची एक घटना फारशी प्रसिद्धि पावली नाहीं. वस्तुतः आजच्या विषयाचें मूळ तींत आहे. हायडेलबर्ग येथील गुस्टाव्ह सीमोन यांजकडे एक स्त्री आली. पूर्वींच्या एका शस्त्रक्रियेंत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि मूत्र अखंड झिरपत होतें. त्या बाजूचें मूत्रपिंड काढून टाकणें हा एकच उपाय दिसत होता. पण एका मूत्रपिंडावर मनुष्य जगतो कीं नाहीं, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. सीमोन यांनीं आधीं कुत्र्यांचें एकेक मूत्रपिंड काढून पाहिलें, तीं जगलीं. मग त्या स्त्रीवर शस्त्रक्रिया केली, तीही जगली. निसर्गानें मूत्रपिंडांचा एक जोड देऊन ठेवला आहे आणि त्यांतील एक गेलें तरी भागतें, हें सिद्ध झालें. पुढें ऐंशींहून अधिक वर्षांनीं एका भावानें दुसऱ्या भावाला आपलें मूत्रपिंड दिलें, तें याच ज्ञानाच्या भरंवशावर.

यकृताची गोष्ट मात्र निराळी. मराठींत काळीज म्हटलें कीं मन हृदयाकडे वळतें; पण त्या शब्दाचा मूळ अर्थ यकृत हाच, आणि जगण्याच्या दृष्टीनें पाहतां तो अर्थ चुकीचा नाहीं. सुमारें दीड किलो वजनाचा हा अवयव पित्त निर्माण करतो, साखरेचा साठा सांभाळतो, रक्त गोठविणारीं द्रव्यें बनवितो आणि शरीरांतील विषें निकामी करतो. मूत्रपिंडाचें काम कांहीं काळ यंत्राकडून करून घेतां येतें. यकृताचीं इतकीं कामें करणारें यंत्र अद्याप कोणास साधलेलें नाहीं. तें आकसून कठीण झालें कीं कावीळ, जलोदर, रक्ताच्या उलट्या आणि अखेर बेशुद्धि असा क्रम लागतो. कांहीं बालकांच्या पित्तनलिका जन्मतःच बुजत जातात आणि तीं हिरवट पिवळीं पडून दोन वर्षांच्या आंत दगावतात. जपानांतील मोरिओ कासाई यांनीं १९५५ सालीं आंतड्याचा एक फांटा थेट यकृताच्या मुखाशीं जोडून पित्ताला वाट करून दिली. बाळ दोन महिन्यांचें होण्याच्या आंत ही शस्त्रक्रिया झाल्यास पुष्कळदां गुण येतो. परंतु त्यांतील कित्येकांना पुढें दुसरें यकृत लागतेंच. कापून टाकतां येत नाहीं आणि नीट करतां येत नाहीं, अशा अवयवाचें करावें काय? बदलावें, हें उत्तर सोपें होतें. पण तें अमलांत आणण्यास दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण रक्तवाहिन्या सांधण्याची. १८९४ सालीं फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरांत सुऱ्यानें वार झाला आणि आंतड्यांचें रक्त यकृताकडे नेणारी नीला तुटून ते मरण पावले. मोठमोठे शल्यवैद्य हजर होते. पण ती नीला शिवण्याची विद्या एकालाही येत नव्हती. ही असहायता त्याच शहरांतील ॲलेक्सी कॅरेल या तरुण विद्यार्थ्याच्या मनास लागून राहिली. त्यांनीं भरतकामांत निष्णात असलेल्या एका स्त्रीकडून नाजूक सुईनें टांके घालण्याचे धडे घेतले, आणि रक्त न गळतां, न गोठतां वाहिनी सांधण्याची रीति १९०२ सालीं प्रसिद्ध केली. १९१२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरी अडचणही कॅरेल यांच्याच ध्यानांत आली. कुत्र्याचें मूत्रपिंड काढून त्याच कुत्र्याच्या अंगांत दुसरीकडे बसविलें तर तें काम करी. दुसऱ्या कुत्र्याचें बसविलें तर कांहीं दिवसांत निकामी होई. टांके तेच, हात तोच. मग फरक कोठें? याचें उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमध्यें पीटर मेदावार यांनीं भाजलेल्या रोग्यांवरील कातड्याच्या कलमांचा अभ्यास करून दिलें. एकाच दात्याचें कातडें दुसऱ्यांदां लावलें तर तें पहिल्यापेक्षां लौकर झडतें. म्हणजे शरीर परक्याला ओळखतें आणि ती ओळख लक्षांत ठेवतें. देवीच्या लसीनें ज्या शक्तीचा आपणांस लाभ होतो, तीच शक्ति येथें वैरीण होऊन उभी राहते.

२३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टनमध्यें जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें आणि तें चाललें, याचें कारण हे दोघे सर्वस्वीं एकरूप जुळे होते. एकाचें शरीर दुसऱ्याला परकें मानीतच नव्हतें. पक्की खात्री व्हावी म्हणून आधीं एकाचें कातडें दुसऱ्यास लावून पाहिलें होतें, इतकेंच नव्हे तर पोलिसांकडून दोघांच्या बोटांचे ठसेही ताडून घेतले होते. रोगी भाऊ आणखी आठ वर्षें जगला. पण जुळा भाऊ कितीकांस असतो?

येथें थॉमस स्टार्झल यांचा प्रवेश होतो. आयोवा संस्थानांतील एका छोट्या गांवच्या वृत्तपत्रकाराचा हा मुलगा. १९५८ पासून शिकागोस आणि पुढें डेन्व्हर येथें कुत्र्यांचीं यकृतें बदलण्याचे त्यांनीं शेंकडों प्रयोग केले. यकृत काढावयाचें म्हणजे शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाचें रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य नीला कांहीं काळ बंद करावी लागते. तेवढ्यानेंच कुत्रीं मरत. हा धोका प्लॅस्टिकच्या नळ्यांनीं रक्ताला आडवाट करून देऊन टाळला. अंगाचा विरोध मंदावणारें ॲझाथायोप्रिन हें औषध हातीं आलें होतें; त्याला प्रेडनिसोनची जोड दिली असतां मूत्रपिंड टिकतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. आतां यकृत बदलण्यास हरकत नाहीं, असें त्यांना वाटलें.

१ मार्च १९६३ रोजीं तीन वर्षांच्या एका मुलावर ही शस्त्रक्रिया झाली. पित्तनलिका बुजलेल्या त्या मुलाचें यकृत कठीण झालें होतें, पोटांत फुगलेल्या नीलांचें जाळें माजलें होतें, आणि त्याचें रक्त गोठत नव्हतें. जेथें शस्त्र लावावें तेथून धार लागे. मूल टेबलावरच गेलें. पुढच्या रोग्यांस रक्त गोठविणारीं औषधें भरपूर देण्यांत आलीं. तेव्हां रक्तस्राव आटोक्यांत आला, पण त्याच औषधांनीं आडवाटेच्या नळ्यांत गुठळ्या धरल्या आणि त्या फुप्फुसांत जाऊन रोगी दगावले. कुत्र्यांस ज्या नळ्यांनीं तारलें, त्यांनींच माणसांस मारलें. डेन्व्हर, बोस्टन आणि पॅरिस या तीन शहरांत मिळून सात रोग्यांवर प्रयत्न झाला. महिनाभरही कोणी जगलें नाहीं. तेव्हां हें काम सर्वांनींच थांबविलें.

या सात मृत्यूंबद्दल स्टार्झल यांस दोष द्यावा काय? त्या काळीं पुष्कळांनीं दिला. या रोग्यांपैकीं कोणालाही दुसरा उपाय नव्हता हें खरें. पण उपाय नाहीं एवढ्यानें कोणताही प्रयोग न्याय्य ठरत नाहीं, हेंही तितकेंच खरें. त्यांच्या बाजूनें सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही कीं, ते थांबले. तीन वर्षांहून अधिक काळ ते पुन्हां प्रयोगशाळेंत बसले. यकृत बाहेर काढल्यावर तें अधिक वेळ कसें टिकेल, मानवी पांढऱ्या पेशी टोंचून घोड्यांच्या रक्तांतून त्या पेशींविरुद्ध लस कशी काढावी, याचा त्यांनीं अभ्यास केला. जुलै १९६७ मध्यें यकृताचा कर्करोग झालेल्या एकोणीस महिन्यांच्या मुलीवर पुन्हां शस्त्रक्रिया झाली. नवें यकृत चाललें आणि ती वर्षाहून अधिक जगली. अखेर ती गेली ती कर्करोग पसरून. पुढच्या वर्षीं इंग्लंडमध्यें केंब्रिज येथें रॉय कान यांनींही हें काम हातीं घेतलें. तरीही त्यानंतरचीं दहा वर्षें मोठीं कठीण गेलीं. यकृत बदललेल्या तिघांत जेमतेम एक जण वर्ष काढी. बाकीचे कोणी अवयव झिडकारला गेल्यानें, तर कोणी औषधांनीं प्रतिकारशक्ति खचून जंतूंच्या भक्ष्यस्थानीं पडल्यानें जात. या काळांत जगांत मोजक्याच ठिकाणीं हें काम चालूं राहिलें, आणि चालूं ठेवणाऱ्यांकडे त्यांचे समव्यवसायी संशयानें पाहत. पण १९७० सालीं डेन्व्हर येथें यकृत मिळालेली एक बालिका पुढें चार दशकांहून अधिक जगली, हेंही याच काळांतलें.

परिस्थिति पालटली ती मूठभर मातीनें. स्वित्झर्लंडमधील सँडोझ या औषधांच्या कारखान्यांत देशोदेशींची माती आणून तींतील बुरशी तपासण्याचा परिपाठ होता. नॉर्वेंतील एका उजाड पठारावरील मातींत सांपडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हें द्रव्य निघालें, आणि सर्वच पेशींना न मारतां तें केवळ परक्या अवयवावर चालून जाणाऱ्या पेशींना आवरतें, असें १९७२ सालीं दिसून आलें. १९७८ सालीं कान यांनीं तें रोग्यांना देण्यास आरंभ केला. १९८० पासून स्टार्झल यांनीं त्याला प्रेडनिसोनची जोड दिली. वर्षभर जगणाऱ्यांचें प्रमाण दुपटीनें वाढलें. जून १९८३ मध्यें अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें बोलाविलेल्या परिषदेनें यकृतरोपण हा आतां प्रयोग राहिला नसून मान्य उपचार आहे, असा निर्वाळा दिला. पुढें जपानांतील त्सुकुबा येथील मातींतूनही टॅक्रोलिमस हें त्याहून प्रभावी औषध मिळालें. १९८९ मध्यें स्टार्झल यांनीं पिट्सबर्ग येथें त्याचा उपयोग केला, आणि आज बहुतेक रोग्यांना तेंच देतात. तें आजन्म घ्यावें लागतें. मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो आणि संसर्गाचें भय राहतें. रोग जातो, पण औषध सुटत नाहीं.

आतां प्रश्न उरला तो यकृत आणावयाचें कोठून हा. हृदय थांबल्यावर कांहीं मिनिटांतच यकृत बिघडूं लागतें. म्हणून मेंदू कायमचा मृत झाला असून श्वास केवळ यंत्रानें चालूं आहे, अशी अवस्था हाच मृत्यु मानावा काय, हा विचार पुढें आला. १९६८ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनें त्याचे निकष मांडले आणि एकेका देशानें त्याप्रमाणें कायदे केले. जपाननें मात्र १९९७ पर्यंत असा कायदा केला नाहीं. त्यामुळें तेथील शल्यवैद्यांनीं जिवंत दात्याचा मार्ग धरला. यकृताचा एक विलक्षण गुण असा कीं, त्याचा मोठा भाग कापला तरी उरलेला भाग कांहीं आठवड्यांत पुष्कळसा भरून येतो. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें एका जपानी मातेच्या यकृताचा तुकडा तिच्या बाळास बसवून रसेल स्ट्राँग यांनीं पहिलें यश मिळविलें. त्याच वर्षीं शिकागोच्या वैद्यांनीं, निरोगी माणसावर त्याच्या स्वतःच्या लाभाविना शस्त्र चालविणें कितपत नीतीचें, याची चर्चा आधीं जाहीरपणें छापून मगच शस्त्रक्रिया केली. ही चर्चा व्यर्थ नव्हती. तेथील पहिल्या दात्या मातेच्या प्लीहेस इजा होऊन ती काढावी लागली. मोठ्या माणसासाठीं यकृताचा उजवा, मोठा भाग घ्यावा लागतो आणि त्यांत दात्याचाही मृत्यु ओढवल्याचीं उदाहरणें आहेत. क्वचित् कां होईना, पण आहेत.

हिंदुस्थानांत अवयवरोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ सालीं झाला. मृत मनुष्याचें मूत्रपिंड बसविलेला तो रोगी फार दिवस जगला नाहीं. १९७१ सालीं वेल्लोर येथें जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचें रोपण यशस्वी झालें. त्यानंतर मात्र एक लाजिरवाणें प्रकरण सुरू झालें. १९८० नंतरच्या दशकांत कर्जांत बुडालेले गोरगरीब आपलें मूत्रपिंड विकूं लागले, मध्यस्थ गब्बर झाले आणि परदेशचे गिऱ्हाईकही येथें येऊं लागले. सीमोन यांनीं सिद्ध केलेल्या त्या सत्याचा असा बाजार मांडला गेला! अखेर गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनीं ठराव करून संसदेस विनंती केली, आणि त्यावरून १९९४ चा मानवी अवयव रोपण कायदा झाला. त्यानें अवयवांची खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला आणि मेंदूचा मृत्यु हा कायदेशीर मृत्यु मानला. १९९८ सालीं दिल्लींत एका तामिळ बालकास त्याच्या पित्याच्या यकृताचा भाग बसविण्यांत आला आणि या देशांतील पहिलें यश मिळालें. तें बालक मोठें होऊन स्वतः डॉक्टर झालें.

आज मुंबई, पुणें, चेन्नई, दिल्ली अशा अनेक शहरांत ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे. मुंबईंत प्रतीक्षायादी सांभाळण्यासाठीं विभागीय केंद्र आहे. एखाद्या कुटुंबानें शोकाच्या घटकेस संमति दिली कीं बर्फांत ठेवलेलें यकृत घेऊन निघालेल्या गाडीसाठीं पोलीस रस्ता मोकळा करून देतात. पण अशी संमति देणारीं कुटुंबें थोडीं. दहा लाख लोकसंख्येमागें वर्षास एकही मृत दाता या देशांत मिळत नाहीं; म्हणून येथील बहुतांश यकृतें जिवंत नातलगांकडूनच येतात. त्या नातलगांची नोंद पाहिली तर अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक, आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. पत्नी, आई, बहीण पुढें येते. तिला नाहीं म्हणण्याची मोकळीक घरांत कितपत होती, हें संमतिपत्रावर दिसत नाहीं. कायद्यानें दात्याची एकांतांत चौकशी करावयाची ती एवढ्याचसाठीं.